तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

काचेपलीकडे तू दोन्ही हात छातीसमोर धरलेस आणि कणीक ताणावी तसे बाजूला ओढलेस. रेडिओच्या खुणेत त्याचा अर्थ, बोलत राहा, वेळ भरून काढ. माझं दही लावण्याबद्दलचं बोलणं, थंडी सुरू होताना दरवर्षी असतं ते, संपलं होतं आणि मी गाण्याची वाट बघत होते. समोरचा लाल दिवा चालू होता, म्हणजे मी बोलले तरी लोकांना ऐकू जाणार आणि खोकले तरी जाणार. मला वाटलं, तुला सीडी सापडत नाही. मी बोलत राहिले. मग तू खाली वाकलीस आणि काचेतून दिसेनाशी झालीस. मला वाटलं, सीडी खाली पडली.

इंग्रिड, मी आठ मिनिटं बोलले. आमच्या गावच्या खाडीतून एकदा म्हैस तरीत, म्हणजे होडीत, घालून पलीकडे नेली, ती गोष्ट सांगितली. हसत हसत सांगितली. तू पलीकडच्या खोलीत जमिनीवर पडली होतीस आणि मी न्यूझीलंडमधल्या या हॅमिल्टनच्या सगळ्या मराठी माणसांना म्हशीची गोष्ट सांगत होते.

त्याच्या आधी, गाडीतून उतरल्यावर, तू स्टेशनच्या पायरीवर बसलीस. तू कधी पायरीवर बसायची नाहीस. मी विचारलं, "बरी आहेस ना?" तू म्हणालीस, "फाइन." आत गेल्यावर मी परत विचारलं. "फाइन, ड्वार्का, फाइन." मग तू काचेपलीकडे गेलीस आणि लाल दिवा लागला. मी दोनदाच विचारलं. आपलं तीनदा ठरलेलं होतं.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणाले. तू कुठे जन्मलीस, काय शिकलीस, कुठल्या कुठल्या स्टेशनवर बातम्या दिल्यास, ते सगळं तुझ्या लोकांनी रेडिओवर सांगून झालं. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, मला लेख लिहिता येत नाही. मी तुझ्याशी बोलते, बाकीच्यांना ऐकायचं असेल तर ऐकावं. असं बोलायला तूच शिकवलंस.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आपली घरं पाठीला पाठ लावून. मधे लाकडी कुंपण आणि कुंपणावरून आमच्याकडे झुकलेलं तुझं फिजोआचं, पेरूसारख्या फळाचं, झाड. नवरा गेल्यावर मी माझ्या मुलीकडे, सुषमाकडे, राहायला आले. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स. जावई सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. नात ईशाला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. आपली ओळख झाली त्या दिवशी ती पोहून आली, ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, गवतावर टाकून तीन घरं पलीकडे मैत्रिणीकडे उड्या मारायला पळाली. मी मागच्या दारात उभी राहून हाक मारली. एकच. आणि कुंपणावर तुझं डोकं वर आलं. आखूड पांढरे केस, लालबुंद गाल. मी म्हटलं, आता ही भांडणार. इथल्या लोकांना आवाजाचा फार त्रास होतो.

तू म्हणालीस, "परत मार."

मी सुषमाला विचारलं, काय म्हणते ही? सुषमा ओशाळली होती. म्हणाली, "आई, तिला तुझी हाक परत ऐकायची आहे. का ते विचारू नकोस."

मी परत मारली. ईशा तीन घरं पलीकडून ओरडली, "Coming, Aji! Stop it!" तू कुंपणावर टाळ्या वाजवल्यास. हा आवाज कुठून आणलास, विचारलंस. मी सांगितलं, सुषमाने मधे उभं राहून इंग्रजी केलं. आमच्या गावाला खाडी. पलीकडे जायचं तर तर पाहिजे, आणि तरवाला पलीकडच्या काठावर झोपलेला. त्याला उठवायचं काम माझं, कारण वाडीत माझ्याइतकी लांब हाक कुणाची जात नव्हती. वारा उलटा असला तर हाक वर सोडायची नाही, पाण्यावरून सोडायची. तू हे वहीत लिहून घेतलंस. माझं बोलणं आयुष्यात कुणी लिहून घेतलं नव्हतं, रेशनकार्डाचा माणूस सोडला तर.

दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडे आलीस. मी चहा विचारला. तू नको म्हणालीस. परत विचारला. नको. मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार तेवढ्यात सुषमाने मला चिमटा काढला. "आई, इथे नको म्हणजे नकोच असतं. मागे लागू नकोस." मी चहाचं भांडं परत फळीवर ठेवलं. तू तासभर कोरडी बसलीस आणि गेलीस.

मग मी ईशाला इंग्रजी करायला घेऊन तुझ्याकडे आले. तू कॉफी विचारलीस. मी आपल्या रीतीने नको म्हटलं. तू परत विचारलीस, मी परत नको. तू तिसऱ्यांदा विचारलीस. मी चमकून वर बघितलं. गोरी बाई आणि तिसऱ्यांदा विचारते? मी म्हटलं, "हाफ कप." तू टेबलावर हात आपटून अशी हसलीस की मी खुर्ची मागे सरकवली. "काल तुझ्या घरी मी चहासाठी मरत होते," म्हणालीस, "आणि तू दोनदाच विचारलंस!"

तुझे आजोबा-आजी नॉर्वेचे. अमेरिकेत मिनेसोटात येऊन शेती केली. तुमच्यात म्हणे पहिल्यांदा हो म्हटलं तर हावरट, दुसऱ्यांदा म्हटलं तर उतावीळ. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, अगदी अर्धा कप. आणि भरलेला आला तर भरलेला प्यायचा. माझ्या आईने मला अगदी हेच शिकवलं होतं, शब्दसुद्धा तेच. पृथ्वीच्या त्या टोकाला बर्फातली बाई आणि या टोकाला खाडीवरची बाई, दोघींनी आपापल्या मुलींना उपाशी बसायला शिकवलं. त्या दिवशी आपण ठरवलं की आपल्या दोघींत पहिल्या दोन उत्तरांना काही अर्थ नाही. खरं उत्तर तिसरं.

आणि ते पाळलंसुद्धा. गेल्या हिवाळ्यात तू लंगडत होतीस.

"पाय दुखतो का?"

"नाही."

"दुखतो का?"

"छे."

"दुखतो का?"

"मरणाचा."

मग मी तेल गरम करून आणलं आणि तुझ्या त्या पांढऱ्याफटक पायाला चोळलं. तू ओरडत होतीस. मी म्हटलं, ओरड, कुंपणापलीकडे कुणी तुझं वहीत लिहून घेणार नाही.

रेडिओचं तुझंच खूळ. नोकरी सोडून तुला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण घरी बसवत नव्हतं. इथे एक छोटं स्टेशन आहे, तिथे ज्याने त्याने आपल्या भाषेत अर्धा तास बोलायचं. सामोआचे लोक, चिनी, सोमाली, सगळे यायचे आणि तू सगळ्यांना यंत्रं लावून द्यायचीस. मराठीत कुणी नव्हतं. मंडळातून दोन शिकलेले गृहस्थ आले, पुण्याचे, कॉम्प्युटरवाले. त्यांनी वाचून दाखवलं. तुला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी तू डोकं हलवलंस. "हे कुणाशीच बोलत नाहीत. मला ती हाकवाली पाहिजे."

पहिल्या कार्यक्रमाला मी सहा पानं लिहून नेली. चार दिवस लागले होते. 'सर्व श्रोत्यांना माझा सादर प्रणाम' इथपासून सुरुवात. तू पानं हातात घेतलीस, नीट दुमडलीस, खुर्चीवर ठेवलीस आणि त्यांच्यावर बसलीस.

"आता बोल."

"काय बोलू? सगळं तुझ्या बुडाखाली आहे."

"तेच, जे तिथे नाहीये."

"कुणाशी बोलू?"

"त्या तरवाल्याशी. रेडिओवर लोक नसतात, ड्वार्का. एकच माणूस असतो, आणि तो भांडी घासत असतो."

मी बोलले. हॅमिल्टनच्या थंडीत दही का लागत नाही आणि भांडं गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलं तर कसं लागतं, एवढंच. कार्यक्रम संपेपर्यंत स्टेशनवर अकरा फोन आले. सगळ्या आपल्या नर्सेस आणि डॉक्टरणी, वर्षानुवर्षं पातळ दही खाऊन वैतागलेल्या. तू मला मिठी मारलीस. मला मिठीबिठी आवडत नाही. तेव्हाही आवडली नाही, पण मी हलले नाही.

काही कार्यक्रम आपण घरी आधी भरून ठेवायचो. बोलणं झालं की तू बोट ओठावर ठेवून अर्धा मिनिट मला गप्प बसवायचीस. खोलीचा आवाज घ्यायचा असतो, म्हणायचीस, नंतर जोडकामाला लागतो. मी म्हटलं, रिकाम्या खोलीला कसला आवाज? तू हेडफोन माझ्या कानांवर चढवलास. फ्रिजची घरघर होती. लांब कुठेतरी गवत कापायचं यंत्र. तुझा श्वास, माझा श्वास. चौथी पास झाल्यावर मी काही नवीन शिकले असेन तर ते.

मी मराठीत विनोद केला की तू काचेपलीकडे बरोबर जागेवर हसायचीस. मला संशय यायचा की तुला चोरून मराठी येतं. एकदा विचारलंच. तू म्हणालीस, "विनोदाच्या आधी तू श्वास आत घेतेस. मला तेवढं पुरतं." माझं इंग्रजी तुझ्याशी बोलून बोलून मोडकंतोडकं जमलं होतं. तुला मराठीचे चार शब्द येत होते, चल, बस, पुरे आणि नको. चार शब्दांवर तू माझ्याशी चार वर्षं भांडलीस.

भांडण म्हटलं की ढोकळा आलाच. मंडळाच्या दिवाळीला एका बाईंनी ढोकळा आणला होता. नाव घेत नाही, त्या हे वाचतील. तो कच्चा होता. मी रविवारी रेडिओवर सांगितलं की ढोकळा कच्चा होता. सोमवारी त्यांच्या नवऱ्याचा स्टेशनला फोन. सुषमा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू मला समोर बसवलंस, चष्मा काढलास आणि तुझा तो कोर्टातला आवाज लावलास.

"तू त्यांना विचारलंस?"

"काय विचारायचं? मी खाल्ला."

"बातमी देण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारायचं असतं. नेहमी. चोराला पकडलं तरी विचारायचं."

"कच्च्याला दुसरी बाजू नसते."

"सगळ्याला असते."

"ढोकळ्याला नसते."

हे भांडण मिटलं नाही. डिसेंबरात तू तुमची ती बटाट्याची पोळी केलीस, लेफ्सं. रेघा कोरलेलं लाटणं, आणि उलटायला हातभर लांब पट्टी, जशी काही पोळी नाही, साप उलटायचा आहे. तव्यावर टाकली, दोन डाग पडले, काढली, लोणी-साखर लावून माझ्या हातात दिलीस. मी घास घेतला. म्हटलं, "कच्ची." तू लाटणं माझ्या तोंडासमोर माइकसारखं धरलंस. "आता दुसरी बाजू विचार." मी विचारलं, "का हो बाई, ही कच्ची का?" तू लाटणं आपल्याकडे वळवून म्हणालीस, "ही मऊ असते. दीडशे वर्षं आम्ही ती अशीच खातो." मी म्हटलं, "दीडशे वर्षं कच्ची." ईशा हसून हसून खाली बसली. पण तिने सहा खाल्ल्या, हे तुझ्या बाजूने नोंदवते.

माशाचं तर काय सांगू. तुमच्यात सुका मासा राखेच्या खारात भिजवून थलथलीत करतात. इथे कुठे मिळेना म्हणून तू गॅरेजमध्ये बादली भरून स्वतः करायला घेतलास. मी म्हटलं, एवढ्या सुक्या माशाची अशी विटंबना आम्ही करत नाही, आणि सुके बोंबील तुझ्या मागच्या अंगणात निखाऱ्यावर भाजले. वास सगळ्या गल्लीत फिरला. सुषमा खिडक्या लावत म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून आम्हाला इथून हाकलणार." तू बोंबील खाल्लेस, पाच. मी तुझा मासा खाल्ला, एक घास. तू विचारलंस, आवडला? मी म्हटलं, आवडला. परत विचारलंस, मी म्हटलं, छान आहे. तिसऱ्यांदा विचारायचा तुला धीर झाला नाही.

गाडीत सिग्नलला थांबलो की तू मला डुकरांचे भाव म्हणून दाखवायचीस. तुझी पहिली नोकरी ती. तिथल्या छोट्या स्टेशनवर बातम्या वाचायला बाप्याचा आवाज लागायचा, मुलीला डुकरं. पहाटे पाच वाजता, शेतकऱ्यांसाठी. पन्नास वर्षांनीही तुला तो सूर पाठ होता, सरळ, न हलणारा, आरतीसारखा. मला शब्द कळत नव्हते पण हसू आवरायचं नाही. मग तू मोठी पत्रकार झालीस, आणि गाईंवर दोन आठवड्यांचा कार्यक्रम करायला म्हणून न्यूझीलंडला आलीस ती राहिलीसच. मी विचारलं होतं, गाईंनी थांबवलं का? तू म्हणालीस, गाईवाल्याने. पुढे तो कुठे गेला, लग्न का नाही केलंस, मुलंबाळं का नाहीत, ते काही सांगितलं नाहीस.

मी विचारत नव्हते असं नाही. मी एक विचारायची आणि तू लगेच विचारायचीस, "तुझा नवरा कसा होता?" मी लगेच सांगत सुटायची, एसटीत ड्रायव्हर होता, घाटात गाडी चालवताना गायचा, घरी आला की गप्प. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात यायचं की मला गुंडाळलं. जन्मभर लोकांना प्रश्न विचारून तुला उत्तर न द्यायची सवय लागली होती. माझी सगळी गोष्ट तुझ्या टेपांवर आहे, खाडीपासून ईशापर्यंत. तुझी माझ्याकडे नाही. हा अन्याय आहे आणि तो तूच केलास.

आता त्या रविवारचं राहिलेलं सांगते, कारण तुला ते माहीत नाही.

म्हशीची गोष्ट संपली. दहा वाजायला आले तरी गाणं लागेना. मी काचेवर टकटक केलं. मग उठून पलीकडच्या खोलीत आले. तू कुशीवर पडली होतीस, एक हात पोटाखाली. हाक मारली. माझी हाक, इंग्रिड, जिने तरवाला उठायचा. तू उठली नाहीस. तिथल्या फोनला वीस बटणं. मला त्या फोनचं काही कळत नाही आणि रविवारी स्टेशनात दुसरं कुणी नसतं. मला एकच यंत्र येत होतं. मी परत माझ्या खुर्चीवर गेले. लाल दिवा चालूच होता.

मी म्हटलं, "सुषमा, ऐक. इंग्रिड पडली आहे. रेडिओ स्टेशनवर अँब्युलन्स पाठव. बाकीच्यांनी पण पाठवा. जवळ कुणी असेल तर या."

सुषमा नेहमी ऐकायची, माझ्या चुका लिहून काढायला. तिने फोन केला. पण तिच्या आधी आणि नंतर आणखी नऊ जणांनी केला. फोनवरच्या माणसाने म्हणे शेवटी सुषमाला सांगितलं, "हो बाई, इंग्रिड, रेडिओ स्टेशन, कळलं आम्हाला, गाडी निघाली." त्या गाडीच्याही आधी मंदार आला. औषधाच्या दुकानातला फार्मसिस्ट, दोन गल्ल्या सोडून राहतो. अर्धी चड्डी, एका पायात जँडल, ती इथली रबरी चप्पल, दुसरी वाटेत कुठे राहिली ते त्यालाही ठाऊक नाही. तो तुझ्या छातीवर दाब देत होता आणि मोठ्याने आकडे मोजत होता. मी तुझं डोकं धरून बसले होते. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी विजेचे धक्के दिले, तुझं हृदय परत सुरू केलं आणि तुला घेऊन गेले. मंदार म्हणाला, "आजी, माइक बंद करायचा राहिलाय." मधलं दार उघडंच राहिलं होतं, सगळं गावभर गेलं होतं. त्याचे आकडे आणि मी तुला दिलेल्या शिव्यासुद्धा.

मंगळवारी दुपारी तू गेलीस. मधे डोळे उघडले नाहीस. सुषमा त्याच वॉर्डात होती. तिने तुझे केस विंचरले होते, हे मुद्दाम सांगते, कारण तुझे केस कायम विस्कटलेले असायचे.

आठ मिनिटं आधी बघितलं असतं तर? सुषमाने माझ्यासाठी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, कदाचित.  खोटं बोलला नाही याबद्दल मी त्याला मनातून नमस्कार केला.

गुरुवारी तुझी बहीण आली, कारिन, अमेरिकेहून. तुझेच गाल. तुझं घर आवरायला तिला हात हवा होता, मी गेले. तुझ्या स्वयंपाकघरात दोघी बसलो. ती म्हणाली, तिला हॉस्पिटलात आत्ता कळलं, डॉक्टरांनी इंग्रिडला उन्हाळ्यातच सांगितलं होतं, हृदयाचं ऑपरेशन लागेल. तू त्यांना म्हणालीस, फिजोआचा हंगाम संपल्यावर बघू.

मला आधी राग आला. मग म्हटलं, "तू तिला विचारायचीस का, कशी आहेस म्हणून?"

"दर रविवारी फोनवर."

"काय म्हणायची?"

"फाइन."

"तिसऱ्यांदा विचारलं तर?"

 तिलाही ती रीत माहीत होती, तुमच्या घरचीच ती. म्हणाली, "तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा. फाइन, फाइन, फाइन. तुलाही तेच सांगितलं असतं. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "तू समुद्रापलीकडून विचारत होतीस. मी तिच्या समोर उभी होते. मला तिने पायाचं खरं सांगितलं होतं."

कारिनने समोरचे कप गोळा केले. मग म्हणाली, "मला माहीत नाही." तुमच्या घरात खरं बोलणारी ती एकटी दिसते.

तर हे असं आहे, इंग्रिड. मी विचारायला हवं होतं. तू सांगायला हवं होतंस. यातलं कुठलं मोठं, यावर आपण महिनाभर छान भांडलो असतो. तू चष्मा काढला असतास. तू मुद्दाम लपवलंस, असं मी मनात ठरवून टाकलं आहे आणि तुझी दुसरी बाजू मला मिळणार नाही. ढोकळ्याबद्दल मी अजून माघार घेत नाही, पण आता मला वाटतं, ती ऐकावी लागते. ती सांगणारं माणूस नसलं की कळतं.

मी रडले नाही. सुषमाला त्याचीच काळजी वाटते. तिला सांगितलं, रडायला मला वेळ नाही, तुझ्या झाडाची फळं सडत होती. कारिन आणि मी चार बादल्या गोळा केल्या. निम्म्याचा मुरांबा केला, निम्मी फळं कारिन गल्लीत वाटून आली. प्रत्येक घरी तिला कुणी ना कुणी तुझी एक गोष्ट सांगितली आणि ती येऊन मला सांगायची. समोरच्या म्हाताऱ्याला तू त्याच्या कुत्र्याची मुलाखत घेऊन दाखवली होतीस, हे मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी तुझ्या ओट्याशी उभ्या राहून इतक्या हसलो की मुरांबा खाली लागला. तुझं सुतक आम्ही असं पाळलं. तुला चाललं असतं.

चौथी पास बाईचा आवाज तू ऐकलास. तुझ्याआधी माझा आवाज म्हणजे घरच्यांची लाज होती, मोठ्याने बोलू नकोस आई, लोक बघतात. आता डेअरीत दूध आणायला गेले तरी अनोळखी मुली थांबवतात, "तुम्ही रेडिओवरच्या आजी ना?" हे तुझं काम. हे तू जिवंत असताना एकदा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण तू हातोहात मलाच प्रश्न विचारला असतास.

गेल्या रविवारी स्टेशनच्या मॅनेजरबाईंनी फोन केला, इथल्या माओरी रीतीने किया ओरा म्हणाल्या, मग म्हणाल्या, तुम्हाला झेपत नसेल तर तो अर्धा तास आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ. सुषमा म्हणाली, आई, नकोच. मी कोट घातला. मंदारने तोपर्यंत यंत्र शिकून घेतलं होतं. त्याला खुणा येत नाहीत, तो सरळ तोंडाने ओरडतो. मी खुर्चीवर बसले आणि लोकांना सांगितलं की त्या रविवारी काय झालं. कुणी किती फोन केले, मंदारची जँडल, सगळं. माझ्याबद्दलचंही सांगितलं, की मी दोनदाच विचारलं. काही लपवलं नाही. बातमी पूर्ण द्यायची, हे तुझंच.

त्या रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा त्या स्टेशनात दोनच बायका होत्या. तू एकोणसत्तर वर्षांची आणि मी शहात्तर. जगले ती मी.